सात वृंद, एक शाळा आणि रावेरची वरात

१६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली, हे मराठी मुलाला चौथीतच कळतं. त्याच वर्षी गोव्याहून लिहिल्या गेलेल्या एका पत्राबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. लिहिणारा ज्युसेप्पे दी सांता मारिया, कार्मेलाइट पंथाचा इटालियन धर्मगुरू. जुन्या गोव्यात जेझुइटांच्या मठात, संत इग्नेशियसच्या सणाला त्यानं गाणं ऐकलं. एक-दोन नव्हे, सात गायकवृंद आणि जोडीला वाद्यं. आपण रोममध्येच बसलो आहोत की काय, असं त्याला वाटलं आणि तसं त्यानं बोलूनही दाखवलं. त्यावर त्याला सांगण्यात आलं, की तुमचं काही चुकलेलं नाही. ही रचना रोमच्याच नामांकित कारिस्सिमीची आहे, इकडे आणवलेली आहे.

गाणारे मात्र रोमचे नव्हते. ते इथलेच होते, कोकणी बोलणारे. इतकं अवघड गाणं ही माणसं इतक्या सहज कशी गातात, याचं त्या धर्मगुरूला नवल वाटलं. ख्रिस्ती वस्तीच्या गावोगावच्या चर्चमध्ये ऑर्गन आहे, हार्प आहे, व्हायोल आहे आणि बरा गायकवृंदही आहे, असं तो लिहितो.

खानदेशातल्या वाचकाला यात आपलं काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. तेव्हा खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं बुऱ्हाणपूर, रावेरच्या उशालाच. गोव्याच्या चर्चमधले सूर तिथे पोहोचण्याचं काही कारण नव्हतं. पण पुढच्या तीनशे वर्षांत ते पोहोचले. कसे पोहोचले, याची गोष्ट संगीताच्या इतिहासाइतकीच शाळांच्या इतिहासाची आहे.

आधी या कारिस्सिमीबद्दल. जाकोमो कारिस्सिमी १६०५ मध्ये रोमजवळच्या मारिनो गावात जन्मला. बाप पिंपं बनवणारा कारागीर. घरात संगीताचा वारसा असल्याचं दिसत नाही. मुलगा तिवोलीच्या कॅथेड्रलमध्ये गाऊ लागला, मग तिथेच ऑर्गन वाजवू लागला, थोडा काळ असिसीला राहिला आणि १६२९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, रोमच्या कोलेजिओ जर्मानिको या जेझुइटांच्या विद्यालयात संगीतप्रमुख झाला. त्यानंतर तो हलला नाही. १६४३ मध्ये व्हेनिसला मोंतेव्हेर्दी वारला, तेव्हा सेंट मार्क्सची त्याची जागा कारिस्सिमीला देऊ केली गेली. युरोपातला कुठलाही संगीतकार त्या जागेसाठी धावत गेला असता. यानं नकार दिला. १६७४ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तो त्याच शाळेत मुलांना शिकवत राहिला.

बरोक संगीत म्हटलं की लोकांना बाख, हँडल, विवाल्दी आठवतात. ही तिन्ही माणसं कारिस्सिमी गेल्यानंतर जन्मली: विवाल्दी १६७८ मध्ये, बाख आणि हँडल १६८५ मध्ये. त्यांच्यासाठी जी वाट आधीच रुळली होती, ती रुळवणाऱ्यांत कारिस्सिमी पहिल्या रांगेतला. ऑरेटोरिओ हा प्रकार त्याच्या हातून घडला, वाढला. ऑरेटोरिओत नाटक असतं, पण रंगमंच नसतो, वेशभूषा नसते, हातवारे नसतात. एक निवेदक बायबलमधली कथा गाऊन सांगतो, पात्रांच्या तोंडची गाणी गायक म्हणतात, मध्येच सगळा वृंद लोकांच्या तोंडचं बोलतो. ज्यानं नारदीय कीर्तनातलं आख्यान ऐकलं आहे, बुवा एका क्षणी सुदामा आणि दुसऱ्या क्षणी कृष्ण कसे होतात हे पाहिलं आहे, त्याला हा प्रकार समजायला पाच मिनिटंही लागू नयेत.

त्याची सर्वांत गाजलेली रचना ‘येफ्ते’. १६५० मध्ये आथानासियुस किर्शर या विद्वानानं आपल्या संगीतविषयक ग्रंथात तिचं कौतुक केलं, म्हणजे ती त्याआधीची. गोष्ट बायबलमधली आहे आणि भयंकर आहे. सेनापती येफ्ते देवाला नवस बोलतो, की युद्ध जिंकलो तर घरातून जो पहिल्यांदा मला सामोरा येईल त्याचा बळी देईन. जिंकून परततो, तर डफ वाजवत, नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी. पुढे ती डोंगरात जाऊन विलाप करते आणि तिच्या ओळींची शेपटं दोन आवाज प्रतिध्वनीसारखी परत गातात. शेवटी सहा आवाजांचा वृंद रडतो. हा शेवटचा भाग हँडलला इतका भावला, की जवळपास शंभर वर्षांनी आपल्या ‘सॅमसन’ या ऑरेटोरिओत त्यानं तो उचलला. नंतर १७५१ मध्ये दृष्टी जात असताना त्यानं याच येफ्तेच्या गोष्टीवर स्वतःचा शेवटचा मोठा ऑरेटोरिओ लिहिला. पॅरिसहून आलेला मार्क-आंत्वान शार्पांतिए रोममध्ये कारिस्सिमीच्या सहवासात शिकला आणि ती विद्या फ्रान्सला घेऊन गेला. त्याच शार्पांतिएच्या एका रचनेची सुरुवात आज युरोपभर टीव्हीवर वाजते, युरोव्हिजनची धून म्हणून. ती ऐकणाऱ्या कोट्यवधींपैकी कितींना त्या पिंपवाल्याच्या पोराचं नाव माहीत असेल?

कारिस्सिमी गेल्यावर त्याचं काम जपावं म्हणून पोपनं हुकूम काढला, की त्याची हस्तलिखितं विद्यालयाबाहेर नेऊ नयेत. हेतू चांगला होता. पण १७७३ मध्ये जेझुइट संघच बरखास्त झाला, रोममध्ये पुढे धामधूम माजली आणि कुलपात ठेवलेले ते कागद गेले ते गेलेच. आज त्याचं संगीत आपल्याला ऐकायला मिळतं ते शिष्यांनी आणि परदेशी पाहुण्यांनी उतरवून नेलेल्या नकलांमुळे. मराठी माणसाला तुकोबांच्या गाथेची आठवण झाली तर त्यात वावगं काही नाही.

आता गोव्याकडे. रोमहून एक कागदाचं बाड जहाजातून आलं, एवढ्यानं सात वृंद उभे राहत नाहीत. ते बाड वाचता येणारी माणसं लागतात. ती गोव्यात होती, कारण १५४५ पासूनच चर्चला जोडून गावोगाव शाळा सुरू करण्याचा हुकूम निघाला होता आणि त्या शाळांत अक्षरांबरोबर सूर शिकवले जात. मुलगा आधी स्वरलिपी वाचायला शिके, मग गायला, मग व्हायोलिन धरायला. शिकवणारा तो मेस्त्री. त्याचा खर्च चर्चचा किंवा गावचा. हे शतकानुशतकं चालू राहिलं. म्हणूनच पत्रलेखकाला गावागावांत गायकवृंद भेटला.

इथे थांबून दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे लिखाण पोर्तुगीज राजवटीची जाहिरात होईल. ही शाळा धर्मांतराचं साधन होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं, ते १८१२ पर्यंत टिकलं. १७३६ च्या त्याच्या फर्मानानं लग्नसमारंभातल्या स्थानिक चालीरीतींवर बंदी घातली, त्यात ओव्यासुद्धा होत्या. याच गोव्यात एके काळी थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ओवी छंदात मराठी ख्रिस्तपुराण रचलं होतं आणि १६१६ मध्ये ते रायतूरला छापलंही होतं. सव्वाशे वर्षांत चर्चला ओवी परकी वाटू लागली. जात्यावरची ओवी कुणाच्या आज्ञेनं बंद व्हावी, ही कल्पना बहिणाबाईंच्या मुलखात कुणाला सहन होणार नाही. तेव्हा गोव्याच्या या सुरांची किंमत कुणीतरी मोजली होती, हे विसरून त्यांचं कौतुक करता येत नाही. पण ती किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्याच पणतवंडांनी पुढे ते सूर कुठल्या कुठे नेले.

ते मुंबईला आले. गोव्यात शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या आणि हातात व्हायोलिन. लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांची थिएटरं, मग ताजमहाल हॉटेलातलं जॅझ आणि शेवटी सिनेमाचे स्टुडिओ, असा हा प्रवास. हिंदी चित्रपटाच्या संगीतकाराला चाल सुचायची. पण तीस-चाळीस वादकांनी काय वाजवायचं, हे कागदावर उतरवून देणारा माणूस लागायचा. ते काम गोव्याच्या मेस्त्रीच्या हाताखाली वाढलेला पोरगाच करू शके. शंकर-जयकिशन यांच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा होते. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, सोबत चिक चॉकलेट या नावानं ओळखले जाणारे अँतोनिओ झेव्हियर वाझ होते; ‘अलबेला’ (१९५१) मधली धमाल त्या जोडीची.

आणि अँथनी गोन्साल्विस. साष्टीतल्या माजोर्ड्याचा, १९२७ चा जन्म, वडील चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. १९४३ मध्ये मुंबईत आला आणि नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागला. त्याच्याकडे शिकलेल्यांत प्यारेलाल होते, राहुलदेव बर्मन होते. १९५८ मध्ये त्यानं सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात स्वतःच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. राग सारंगवर बेतलेला कॉन्चेर्टो त्याच्याच हातचा, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. त्या प्रयोगाला पुढे आधार मिळाला नाही. साठच्या दशकात तो अमेरिकेला गेला. परतला तो गोव्यात, आणि सिनेमाकडे पुन्हा फिरकला नाही. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतो, ते नाव या गुरूचं आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या शिष्यानं दिलेली ती गुरुदक्षिणा.

सिनेसंगीतावरच्या पाश्चात्त्य प्रभावाची चर्चा निघाली, की लोक उसन्या चाली मोजायला बसतात. सलील चौधरींनी ‘छाया’ (१९६१) मध्ये मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरावट घेतली, हे उदाहरण तर पाठच झालेलं असतं. चालीची उसनवारी ही किरकोळ बाब आहे. खरी गोष्ट चालीच्या मागे आहे. मुखडा संपतो, अंतरा सुरू व्हायचा असतो, त्या मधल्या जागेत व्हायोलिनचा ताफा उठतो. गायिका वर एक गाते, खाली चेलो भलतंच काही सांगतो आणि तरी दोन्ही एकमेकांना सोडत नाहीत. एकाच वेळी अनेक स्वरांना आपापल्या वाटेनं चालवायचं आणि खालच्या मंद्र स्वरांच्या ओळीवर सगळा डोलारा तोलायचा, हा बरोक काळात पक्का झालेला हिशेब आहे. आपल्या रागसंगीतात तो नव्हता, त्याची गरजही नव्हती. कारिस्सिमीची अमुक जागा तमुक गाण्यात आली, असं कुणी सांगू लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. आला तो हिशेब, आणि तो शिकवणारी परंपरा.

पुढे हे कौशल्य मराठी हातांतही आलं. अनिल मोहिले व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. अरुण पौडवालांबरोबर त्यांनी ‘अष्टविनायक’ (१९७९) ला संगीत दिलं. ती गाणी रावेर, सावदा, फैजपूरच्या गणपती मंडळांत आजही वाजतात.

मुंबईहून निघणारी रेल्वे भुसावळला फुटते आणि एक फाटा रावेरवरून बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे जातो. त्याच रुळांवरून इथली केळी दिल्लीकडे गेली आणि त्याच रुळांवरून सिनेमाची रिळं, तबकड्या, पेट्या आल्या. खानदेशाचा कान काही रिकामा नव्हता. इथे वहीगायन होतं, डफाच्या साथीनं चालणारं. कानबाईची गाणी होती. मुक्ताईच्या वारीचे अभंग होते. जळगावनं तर मराठी रंगभूमीला एक आवाज दिला: नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहिले आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे तिथे मेहबूबखाँकडे गिरवले. पुढे त्यांच्या नाटकांत साथीला असायचा तो पायानं भाता मारायचा ऑर्गन, म्हणजे युरोपातल्या छोट्या चर्चमधलंच वाद्य. सप्ताहात भजनी मंडळ ज्या पेटीवर काळी चार धरतं, तीही एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच आली. १९४० मध्ये आकाशवाणीनं ही पेटी परकी आणि बेसूर ठरवून तिच्यावर बंदी घातली, ती तीस वर्षं टिकली. भजनी मंडळांनी त्या बंदीची दखलही घेतली नाही, हे बरं झालं.

आणि लग्नाचा बँड. क्लॅरनेट, ट्रम्पेट, बाजूला ढोल. वरातीपुढे वाजणाऱ्या गाण्यात मधले व्हायोलिनचे तुकडे ट्रम्पेटवाला आपल्या फुंकेतून काढतो. ते कुणी लिहिले होते, हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्याला स्वरलिपी वाचताही येत नाही. तो ऐकून ऐकून बसवतो. त्याच्या कानाला सलाम करावा तेवढा थोडा. पण कान एवढा तयार असताना त्याला वाचायला कुणीच का शिकवलं नाही?

हा प्रश्न आजच्या शाळेला विचारायचा आहे. महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय संगीत-नृत्य, लोककला, चित्रकला यांसाठी वाढीव गुण मिळतात. चांगली सोय आहे. पण शास्त्रीय संगीताचे गुण पदरात पडायचे, तर मुलानं बाहेर क्लास लावून, फी भरून परीक्षा द्यायच्या. म्हणजे शासन संगीताचे गुण देतं, शिक्षक देत नाही. ज्याच्या घरी क्लासचे पैसे आहेत आणि ज्याच्या गावात क्लास आहे, त्यालाच त्या गुणांचा लाभ. भुसावळ-जळगावात राहणाऱ्या मुलाला आणि पाल किंवा खिरोद्याकडच्या मुलाला ही स्पर्धा सारखी नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा-तडवी मुलगा ढोलावर जे वाजवतो, ते ऐकून पुण्याचा विशारद गप्प बसेल. पण त्याची ती विद्या नोंदवायला शाळेत माणूसच नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभरावर विद्यार्थी असतील तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यायचे, अशी तरतूद आहे. तिच्यात दोन खोटी आहेत. एक, जिल्हा परिषदेच्या खेड्यातल्या बहुसंख्य शाळा शंभरचा आकडा गाठूच शकत नाहीत. दोन, कला म्हटलं की चित्रकला असा पायंडा पडला आहे आणि संगीत प्रार्थनेपुरतं उरलं आहे. प्रार्थनासुद्धा आता बऱ्याच ठिकाणी ध्वनिवर्धकाला मोबाइल जोडून होते.

यावर हमखास येणारं उत्तर असं: आधी गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक भरा, गाण्याचं नंतर बघू. शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून कुणी संगीताची मागणी करू नये. पण या उत्तरात एक गृहीत लपलेलं आहे, की गाणं म्हणजे चैन. गोव्याच्या मुलांच्या बाबतीत ती चैन नव्हती, रोजगार होता. पिढ्यान्‌पिढ्या कित्येक कुटुंबांची चूल व्हायोलिननं पेटवली. मुंबईच्या स्टुडिओंत रोजच्या हजेरीवर वाजवणारे वादक बहुतेक साध्या घरांतले होते. त्यांना उभं केलं ते गावातल्या फुकट शाळेनं आणि लिपी शिकवणाऱ्या मास्तरानं. स्वतः कारिस्सिमीसुद्धा याच वाटेनं वर आला.

दुसरा आक्षेप अधिक तिखट असतो: आपल्या मुलांना पाश्चात्त्य संगीत कशाला? ते शिकवाच, असा आग्रह इथे नाही. पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी आपल्या संगीतासाठी स्वरलेखनाच्या पद्धती तयार केल्या त्याला शतक उलटून गेलं. त्या शिकवा. वहीच्या गाण्यांना त्या लिपीत बसवा. पावरी ढोलाचे बोल लिहून ठेवा. त्यासोबत पाच रेघांची युरोपीय स्वरलिपीही शिकवली तर बिघडणार काहीच नाही, कारण स्टुडिओत, बँडमध्ये, लष्करात, परदेशी विद्यापीठात तीच चालते. १७३६ मध्ये ओवी बंद करणाऱ्यांनी जी चूक केली, ती उलट्या बाजूनं करून आपण काही कमावणार नाही.

माणसं आणायची कुठून, हा प्रश्नही तितका अवघड नाही. रावेर तालुक्यात भजनी मंडळांचे पेटीवादक आहेत, पखवाजी आहेत, वहीगायनाचे शाहीर आहेत, डीजेच्या धडाक्यात काम गमावलेले बँडमास्तर आहेत. त्यांच्याकडे बी.एड. नाही, म्हणून ते शाळेच्या दारात उभे राहू शकत नाहीत. तालुक्यातल्या चार-पाच शाळांना मिळून एक संगीत निदेशक, आठवड्यात प्रत्येक शाळेला एक दिवस, अशी व्यवस्था केंद्रशाळेच्या पातळीवर बसवता येते. शंभरचा आकडाही मग चार-पाच शाळांचा मिळून धरता येतो. निवडीसाठी पदवी पाहण्याऐवजी त्याला वाजवून दाखवायला लावावं. त्याला स्वतःला लिपी येत नसेल, तर उन्हाळ्याच्या सुटीत जळगावात महिनाभराचं प्रशिक्षण द्यावं. मानधन जिल्हा नियोजनाच्या निधीतून काढता येईल आणि खिरोदा, पाल, सावदा अशा पाच केंद्रांपासून पुढच्या जूनमध्ये सुरुवात करता येईल. फक्त त्या मानधनाचा आकडा बँडवाल्याच्या एका वरातीच्या सुपारीपेक्षा कमी नसावा, नाहीतर वैशाखात तो शाळेच्या वर्गात दिसणार नाही.